गडांची आवड आहे, पण त्यातली नेमकी कोणती?

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. गाव कराडजवळ. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले, कॅम्पसमधून हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत लागलो आणि साडेचार वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आहे. पगार चांगला आहे, काम नकोसे झाले आहे. रविवार गडांवर जातो. इतिहासात एम.ए. करावे, स्पर्धा परीक्षा द्यावी की ट्रेकिंगची स्वतःची कंपनी काढावी? वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले. ते म्हणतात, ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस.’

उत्तर : तुमचे मूळ पत्र मी दोनदा वाचले; वर त्याचा सारांशच दिला आहे. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि तुम्ही कशाबद्दल किती ओळी लिहिल्या आहेत ते मोजत होतो. ही माझी बावीस वर्षांची सवय आहे. समुपदेशनाला आलेला माणूस आपल्या आवडीचे जे नाव सांगतो त्यापेक्षा तो कशावर रेंगाळतो ते मला अधिक उपयोगी पडते. ‘लहानपणापासून इतिहासाचे वेड आहे’ हे तुम्ही एका ओळीत संपवले आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवर मात्र चौदा ओळी आहेत. दुहेरी तटाच्या मधल्या अरुंद वाटेची रुंदी तुम्ही टेपने मोजली, पावसाचे पाणी त्या वाटेतून कुठे जात असेल याचा विचार केला, घरी येऊन वहीत तिचा छेद (आडवी कापली तर आतून कशी दिसेल ते चित्र) काढला आणि तो चुकला म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा गेलात. या चौदा ओळींत एकाही लढाईचा, तहाचा किंवा व्यक्तीचा उल्लेख नाही. इतिहासाचे तुमचे प्रेम खोटे आहे असे मी म्हणत नाही, पण तुमचे हात ज्याकडे आपोआप वळतात ते बांधकाम आहे, मोजमाप आहे आणि एखादी गोष्ट कशी चालत असेल याचा शोध आहे. तुम्ही विचारलेल्या तिन्ही वाटांपैकी एकीतही यातले फारसे काही तुमच्या वाट्याला येणार नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर ‘हे की ते’ असे देता येत नाही.

आवडीचा विषय आणि आवडीचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माझ्याच एका चुकीतून कळले. या व्यवसायात नवा असताना माझ्याकडे एक मुलगी आली होती. बारावीला उत्तम गुण, जीवशास्त्र आवडते, घरी दोन कुत्री आणि एक पांगळे मांजर. मी तिला पशुवैद्यकीय अभ्यासक्रम सुचवला आणि तिच्या आईवडिलांनाही पटवून दिला. साडेपाच वर्षांचा तो अभ्यासक्रम तिने जिद्दीने पूर्ण केला, पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती मला भेटायला आली ती रडवेली होऊन. ग्रामीण दवाखान्यात तिचा दिवस गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन, अडलेली बाळंतपणे, लसीकरणाचे तक्ते आणि मध्यरात्री येणारे फोन यांत जात होता. तिला प्राण्यांचा सहवास हवा होता आणि मी तिला प्राण्यांवरच्या उपचारांचे काम दिले होते. पुढे ती लसनिर्मितीच्या प्रयोगशाळेत गेली आणि तिथे रमली, कारण नेटके, शांत, पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याचे काम हा तिचा खरा पिंड होता. ते मी तिला अठराव्या वर्षी विचारलेच नव्हते. तेव्हापासून ‘तुला काय आवडते?’ हा प्रश्न मी उशिरा विचारतो. ‘दिवसाचे आठ तास काय करत बसायला तुला कंटाळा येत नाही?’ हा आधी विचारतो.

ज्याला आता सगळेच ‘पॅशन’ म्हणतात त्या शब्दाचे मला थोडे वावडे आहे. ती आत कुठेतरी तयार पडलेली असते आणि आपण फक्त सापडवायची असते, अशी समजूत त्यातून होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 पासून जी मांडणी केली आणि जिच्यावर आजही बहुतेक आवड-चाचण्या उभ्या आहेत, ती विषयांची यादी करत नाही, कामाच्या प्रकारांची करते : हातांनी व अवजारांनी करायचे काम, शोधक काम, कलात्मक काम, माणसांना मदत करण्याचे काम, पटवण्या-चालवण्याचे काम आणि नोंदी-नियमांचे काम. तुमच्या पत्रावरून मी तुम्हाला पहिल्या दोन प्रकारांत ठेवीन. चाचणी जरूर द्या, पण तिने दाखवलेला कल म्हणजे क्षमता नव्हे. शिवाय, आवड आणि कामातले समाधान यांचा संबंध अभ्यासांत दिसत असला तरी तो लोक समजतात तितका घट्ट नाही. वरिष्ठ कसा आहे, कामात स्वतःचा निर्णय किती, पैसे वेळेवर येतात का, यांचाही वाटा मोठा आहे.

म्हणूनच नोकरी सोडण्यापूर्वी तुम्हाला तिच्यातले नेमके काय नकोसे झाले आहे ते शोधा. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन संशोधकांनी 1970 च्या दशकात काम अर्थपूर्ण वाटण्यासाठी पाच गोष्टी लागतात असे मांडले : वेगवेगळी कौशल्ये वापरायला मिळणे, आरंभापासून शेवटापर्यंत एक पूर्ण वस्तू आपल्या हातून होणे, तिचा कोणाला तरी उपयोग असणे, निर्णयाचे स्वातंत्र्य, आणि काम बरे झाले की वाईट हे त्या कामातूनच कळणे. टेस्टिंगमध्ये शेवटची गोष्ट भरपूर मिळते. दुसरी मात्र जवळजवळ मिळत नाही, कारण दुसऱ्याने केलेल्या वस्तूचा एक तुकडा तुमच्यापुढे येतो आणि तपासून पुढे जातो. राजगडावर तुम्ही एक पूर्ण छेद स्वतः मोजला, स्वतः काढला, चुकलेला स्वतः सुधारला. तुमची तहान बहुधा त्या पूर्णत्वाची आहे. ती गडाबाहेरही भागू शकते, हे लक्षात असू द्या.

यासाठी एक साधी वही करा आणि तीन आठवडे रोज रात्री दहा मिनिटे तिच्यात लिहा. एका बाजूला वेळ आणि काम, दुसऱ्या बाजूला ते करताना काय झाले. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाच्या वहीतल्या दोन नोंदी अशा होत्या : ‘सोमवार, 11 ते 1, टेस्ट केस लिहिल्या, तीनदा चहाला गेलो.’ ‘सोमवार, 3 ते 4.30, नव्या मुलीला दोष कसा शोधायचा ते दाखवले, घड्याळ पाहिले नाही.’ तीन आठवड्यांनी दुसऱ्या प्रकारच्या नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक शिकवण्याच्या निघाल्या. त्याने नोकरी सोडली नाही, त्याच कंपनीच्या प्रशिक्षण विभागात बदली मागून घेतली. तुमच्या वहीत काय निघेल ते मला आता सांगता येणार नाही, पण रविवारचे पान कोरे सोडू नका.

आता तुमच्या तीन वाटांकडे वळू. ट्रेकिंगच्या कंपनीचे मी थोडक्यात सांगतो. पहाटे पाचला वाकडेवाडीला चाळीस जणांची बस उभी आहे, दोघे आलेले नाहीत, एकाचा बूट फाटला आहे, पायथ्याच्या गावातल्या ज्या मावशींना पिठलं-भाकरी सांगितली होती त्यांच्या घरी अचानक कार्य निघाले आहे आणि कोणीतरी पैसे परत मागते आहे. हे काम मनापासून आवडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना माणसांची आवड असते. टेप घेऊन माचीवर एकटे बसायला त्यांना वेळ मिळत नाही.

स्पर्धा परीक्षेबद्दल मी अधिक सावध आहे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 ही वयोमर्यादा आहे, त्यामुळे अजून बरीच वर्षे हातात आहेत असे वाटते आणि नेमका हाच धोका आहे. जागा काही शेकड्यांत, अर्ज लाखांत, आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एका खुर्चीवर गेलेली चार वर्षे नंतर कुठेही अनुभव म्हणून दाखवता येत नाहीत. प्रशासनाचे काम करायची इच्छा असेल तर परीक्षा द्यावी. दुसरे काही सुचत नाही म्हणून देऊ नये. तुमच्या पत्रात प्रशासनाबद्दल एक अक्षर नाही.

इतिहासातल्या एम.ए.वर जरा थांबायला हवे. ज्याला मराठ्यांच्या इतिहासाचे काम करायचे आहे त्याचा दिवस गडावर जात नाही, दफ्तरात जातो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदपत्रांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, त्यातले बहुतांश मोडी लिपीत. मोडी म्हणजे आधी ओळ आखून घ्यायची आणि हात न उचलता लिहीत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा नाही, फारसी शब्द पावलोपावली, सालमितीसाठी शुहूर सन ही जुनी कालगणना. एक पान लागायला नवशिक्याला पूर्ण सकाळ जाते. हे काम तुमच्या पिंडाचे आहे का, हे दोन वर्षे खर्च न करता कळू शकते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे आणि 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतर्फे मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग होत असतात. एक वर्ग करा. तो संपल्यावरही हातात एखाद्या जुन्या खरेदीखताची झेरॉक्स घेऊन रात्री बारापर्यंत बसावेसे वाटले, तर एम.ए.चा विचार गंभीरपणे करू. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली, हे तुम्ही वाचले असेल. पण अशा लाटेवर व्यवसायाचा हिशेब मांडू नये. एम.ए.नंतरची ठरलेली वाट म्हणजे सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा, त्यानंतर प्राध्यापकी, आणि तिथे कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवणे. तासिका तत्त्वावर काढलेल्या दहा वर्षांचे काय होते हे विचारायला तुम्हाला फार लांब जावे लागणार नाही, तुमच्याच तालुक्याच्या कॉलेजात कोणीतरी भेटेल.

तुम्ही न विचारलेली चौथी वाट मला तुमच्या चौदा ओळींत दिसते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, शिवनेरी, विजयदुर्ग यांसारखे आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. साल्हेर, खांदेरी, प्रतापगड आणि तुमचा राजगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. अशा वास्तूंच्या देखभालीला आधी अचूक नोंद लागते. भिंत कुठे फुगली, कोणता चिरा सरकला, टाक्याला गळती कुठून आहे, हे दरवर्षी मोजून, मागच्या मोजणीशी ताडून पाहावे लागते. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेली मापे, शेकडो छायाचित्रे जुळवून केलेली त्रिमिती प्रतिकृती, जीआयएस या संगणकीय नकाशा-प्रणालीवरचे नकाशे, कॅडमध्ये म्हणजे संगणकावर आखलेले छेद हे सगळे या कामात लागते. कॅड तुम्ही कॉलेजात शिकला आहात, आणि दोष शोधून त्याची नोंद शिस्तीने ठेवण्याचे काम तर तुम्ही साडेचार वर्षे करता आहात. टेस्टिंगची वर्षे वाया गेली असे तुम्ही लिहिले आहे, ते मला मान्य नाही.

या वाटेवरचे अडसरही सांगतो. वास्तुसंवर्धनाचे नेतृत्व बहुधा संवर्धन-वास्तुविशारद करतात. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि त्यासाठी पाच वर्षांची बी.आर्क. लागते. मेकॅनिकलच्या पदवीवर ते दार उघडत नाही. तुम्हाला त्या कार्यालयात मोजणी आणि नोंदणीचा माणूस म्हणून शिरता येईल, सुरुवातीचा पगार आजच्या तुलनेत बराच कमी असेल आणि काम प्रकल्पागणिक येईल. दुसरे दार पुरातत्त्वाचे आहे. डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पुरातत्त्वात एम.ए. करता येते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात उत्खननावरचे प्रत्यक्ष काम, आणि सरकारी पुरातत्त्व खात्यातल्या अनेक पदांना अशी पदव्युत्तर पदवी लागते. मात्र त्या पदांची भरती वर्षानुवर्षे निघत नाही, हेही तितकेच खरे आहे. इतिहासाच्या एम.ए.पेक्षा हे तुमच्या हातांच्या जवळचे आहे, एवढेच मी आज म्हणेन.

यातले काहीही ठरवण्यापूर्वी या कामातल्या किमान चार माणसांना भेटा : एक संवर्धन-वास्तुविशारद, पुरातत्त्वात एम.ए. करून पाच वर्षे झालेले कोणी, एक सर्वेक्षण करणारा, आणि हे क्षेत्र सोडून गेलेला एक. चौथ्याला टाळू नका. ‘या क्षेत्राला भवितव्य आहे का?’ असे विचारले तर भाषण ऐकायला मिळेल. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केले?’, ‘शेवटच्या कामाचे पैसे किती महिन्यांनी आले?’ आणि ‘या कामातला कोणता भाग दुसऱ्याला देऊन टाकायला आवडेल?’ असे विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जे येईल तेच सुरुवातीला तुमच्या वाट्याला येणार आहे.

आता वडिलांचे म्हणणे. त्यांचा विरोध इतिहासाला किंवा गडांना नसावा. हंगामी कामगार कायम होण्याची वाट पाहत कशी वर्षे काढतो, हे त्यांनी कारखान्यात डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यापुढे स्वप्न मांडू नका, कागद मांडा. महिन्याचा खर्च, गावी पाठवता ती रक्कम, कर्जाचा हप्ता असल्यास तो, आणि काहीही न कमावता किती महिने निभेल. माझ्या मते बारा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. त्याच कागदावर आणखी एक ओळ येऊ द्या : कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली की ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा) हक्क लागू होतो, सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे. तुमची साडेचार वर्षे झाली आहेत. म्हणजे पुढचे सहा महिने नोकरीत राहण्याला एक रोकडे कारण आहे, आणि वही भरायला, मोडीचा वर्ग करायला आणि चार माणसांना भेटायला तेवढाच वेळ लागतो. मुलगा सहा महिन्यांचा आराखडा घेऊन आला आहे हे पाहून बरेच वडील निवळतात. काही निवळत नाहीत. तेव्हा आईशी आधी बोलावे, हा माझा अनुभव.

उडी मारणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे फार सांगितल्या जातात, आणि त्या सांगताना उडीआधीची वर्षे गाळली जातात. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. त्यांनी 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. पण पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये ते 1950 च्या दशकापासून नाटके करत होते. म्हणजे सोडण्याआधीच रंगभूमीची दीड-दोन दशके त्यांच्या गाठीशी होती. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात दोन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि गाणे त्या काळातच सिद्ध केले. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मनोविकारशास्त्र आणि अभिनय दोन्ही बरोबरीने सांभाळले, एकासाठी दुसरे सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. मारुती चितमपल्ली यांची तऱ्हा आणखी निराळी. वनखात्याच्या नोकरीनेच त्यांना जंगल दिले, आणि पक्षी, प्राणी, आदिवासींची भाषा यांच्या नोंदी त्यांनी त्या नोकरीतच केल्या. या चौघांपैकी कोणाची रीत तुम्हाला मानवेल ते तुमच्या स्वभावावर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आगाशे किंवा चितमपल्ली यांची रीत निवडली म्हणजे धाडस कमी पडले, असे समजण्याचे कारण नाही. तुम्ही नोकरीतच राहिलात, कंपनी बदलून यंत्ररचनेच्या किंवा नकाशांच्या सॉफ्टवेअरकडे वळलात आणि रविवार गडांना दिलात, तरी ते समाधानाचे आयुष्य होऊ शकते. अशी माणसे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. ती माझ्याकडे सल्ल्याला येत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या मला नेहमी कमी वाटते.

या सहा महिन्यांत एक काम मात्र पूर्ण करा. संजीवनी माचीचा तुम्ही काढलेला छेद अर्धा आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. तो नीट मापाने, प्रमाण देऊन, उत्तर दिशा दाखवून, पाणी जाण्याच्या जागांसह एका पानावर पूर्ण काढा. नुसता टेप आणि वही पुरेशी आहे. काही उपकरण लावायचे किंवा ड्रोन उडवायचा असेल तर आधी पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी घ्या, संरक्षित स्मारकावर ते असेच करता येत नाही. त्या संवर्धन-वास्तुविशारदाला भेटायला जाताना बायोडाटा नेऊ नका, ते पान न्या. त्यांनी त्यावर पेन्सिलीने चुका दाखवायला सुरुवात केली तर बसून घ्या, आणि घरी आल्यावर त्या दिवसाची नोंद वहीत करून ती वही मला पाठवा. राजीनाम्याचे त्यानंतर बोलू.